लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला चाललात? मग कुणापासून काही लपवू नका

वाचक विचारतात: मी कराडची, वय ६३, शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. मला बरीच वर्षं शुगर आणि बीपी आहे. मिस्टर ६८ वर्षांचे, चार वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट टाकलाय. लेक न्यू जर्सीत एडिसनला असते, ऑगस्टमध्ये तिचं पहिलं बाळंतपण आहे. आम्ही दोघं दुबईमार्गे साडेपाच महिन्यांसाठी चाललोय, पहिलाच परदेश प्रवास. शेजारचे सांगतात इन्शुरन्सच्या फॉर्मवर स्टेंटचं लिहू नका, प्रीमियम वाढतो. नणंद म्हणते गोळ्या पाकिटातून काढून डब्यात भरून न्या, म्हणजे कुणी विचारत नाही. मिस्टर म्हणतात तिकडे काहीही दुखलं तरी पोरांना सांगायचं नाही, तिकडची बिलं ऐकलीयत ना, परत आल्यावर बघू. आणि लेक म्हणते, आई शेगडी, धुरी, घुटी, काजळ यातलं काही करायचं नाही, इथले डॉक्टर चालवून घेत नाहीत. मला फार लागलं ते. मग मी तिकडे जाऊन करू तरी काय? – होणारी आजी, कराड

ताई, आधी मनापासून अभिनंदन. पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला चार जणांनी चार सल्ले दिलेत आणि त्यातले तीन जण एकच सांगतायत, लपवा. फॉर्मवर लपवा, बॅगेत लपवा, दुखलं तर लपवा. चौथा सल्ला तुमच्या लेकीचा, तो तुम्ही मनाला लावून घेतलात, आणि मला खरी काळजी ही वाटते की आता तुम्हीही मनात कुठेतरी ठरवून टाकलं असेल की ती झोपली की बाळाला बोटभर घुटी चाटवू, तिला कशाला कळायला हवंय. डॉक्टर म्हणून इतकी वर्षं मी तुमच्यासारखे आईबाबा अमेरिकेला, इंग्लंडला, जर्मनीला जाताना बघतेय, आणि ज्यांचे हाल झाले त्यांच्यात आजारापेक्षा लपवालपवीने झालेलं नुकसान जास्त होतं. इथे कराडात तुमचे डॉक्टर तुम्हाला ओळखतात, मिस्टरांचा स्टेंट त्यांना पाठ आहे, केमिस्टला तुमची गोळी रंगावरून कळते. विमान सुटलं की यातलं काहीही तुमच्यासोबत येत नाही, तुम्ही जे सांगाल आणि जे कागदावर न्याल तेवढंच तिथल्या डॉक्टरला कळणार.

इन्शुरन्सचं आधी. शेजाऱ्यांचं ऐकू नका. समजा फॉर्मवर स्टेंट लिहिला नाही आणि देव न करो पण एडिसनला मिस्टरांच्या छातीत दुखलं. इमर्जन्सीत गेल्या गेल्या पहिला प्रश्न येणार, हार्टचा काही त्रास होता का आधी, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आता ते काय सांगणार? खरं सांगितलं की ते केस पेपरवर आलं आणि इन्शुरन्स कंपनी तोच पेपर मागवते, मग माहिती लपवली म्हणून क्लेम गेला. आणि पैशासाठी डॉक्टरला खोटं सांगितलं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हेच त्यांना कळणार नाही, आणि ते माहीत नसताना एखादं इंजेक्शन दिलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणजे फॉर्मवरचं एक खोटं थेट स्ट्रेचरपर्यंत तुमच्या मागे येतं. प्रीमियम वाढला तर वाढू दे.

पॉलिसी घेताना लेकीला किंवा जावयांना सोबत बसवून तीन गोष्टी वाचून घ्या. ती ठरावीक रक्कम देणारी आहे की कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे बिलाच्या प्रमाणात पैसे देणारी, कारण ठरावीकवाली स्वस्त दिसते पण प्रत्येक गोष्टीला थोडेसेच डॉलर देते आणि बाकीचं बिल तुमच्या गळ्यात. दुसरं, जुने आजार. व्हिजिटर पॉलिसीत जुन्या आजाराचं नेहमीचं चेकअप, गोळ्या हे सहसा मिळत नाही, पण जुना आजार अचानक उसळला, ज्याला ते अ‍ॅक्यूट ऑनसेट म्हणतात, तर ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतं. वयाची अट नीट बघा, बऱ्याच ठिकाणी ७० नंतर ती रक्कम कमी होते किंवा बंदच होते. आणि तिसरं, हे मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा, की अशा कित्येक पॉलिसींमध्ये त्रास सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेतले असले पाहिजेत अशी अट असते. म्हणजे दोन दिवस कळ सोसून, गॅस झालाय म्हणत सोडा पिऊन काढले की तब्येतही जाते आणि क्लेमही जातो. सोसून पैसे वाचत नाहीत, उलट जातात. इथल्या कंपनीची पॉलिसी घेणार असाल तर ती निघायच्या आधीच घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

आता गोळ्या. नणंदबाईंना सांगा की डब्यात सुट्ट्या भरलेल्या गोळ्यांनाच उलट जास्त विचारलं जातं, कारण त्या कशाच्या आहेत हे तिथल्या अधिकाऱ्याला कळायला काही मार्गच नसतो. पूर्ण स्ट्रिप घ्या. आपले केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापून देतात आणि नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, तसं नको, त्यांना आधीच सांगून ठेवा. सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत, एकही चेक-इनला नाही. इन्सुलिन घेत असाल तर ते तर अजिबात नाही, विमानाच्या पोटात ते गोठून वाया जाऊ शकतं. किती न्यायच्या म्हणाल तर अमेरिकेत साधारण ९० दिवसांची औषधं स्वतःजवळ ठेवावीत असा दंडक आहे. तुमचा मुक्काम साडेपाच महिने आहे, तेव्हा मुलगा, भाचा कोण इथे मागे असेल त्याला आत्ताच सांगून ठेवा की उरलेली औषधं त्याने कुरियरने पाठवायची, सोबत डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, तुमच्या पासपोर्टची आणि व्हिसाची कॉपी. तिथे संपली तर कराडच्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवून एडिसनच्या दुकानातून गोळ्या मिळत नाहीत, तिथल्याच डॉक्टरची लागते आणि त्या डॉक्टरची फी वेगळी.

आणि हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन तीन-तीन औषधं घालायची पद्धत आहे. मिस्टरांची कॅप्सूल बघा, बहुतेक कोलेस्टेरॉलचं एक आणि रक्त पातळ करायची दोन अशी तिन्ही एकातच असतील, ब्रँडच्या नावामागे गोल्ड नाहीतर प्लस नाहीतर फोर्ट असं काहीतरी. तिथल्या डॉक्टरने ते नाव आयुष्यात ऐकलेलं नसतं आणि तशी तीन-इन-वन कॅप्सूल तिथे मिळतही नाही. तुमच्या शुगरच्या गोळीचंही तेच. मेटफॉर्मिन जगात सगळीकडे आहे, पण टेनेलिग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, व्होग्लिबोस ही आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी औषधं अमेरिकेत मिळतच नाहीत. तेव्हा निघायच्या आधी डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेलं एक पत्र घ्या, त्यात ब्रँड नको, प्रत्येक गोळीतल्या प्रत्येक औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. तुमच्या गोळ्या तिथे मिळत नसतील तर त्याऐवजी काय चालेल तेही दोन ओळीत लिहून घ्या. सोबत अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड आणि एक ताजा ईसीजी. त्या ईसीजीची किंमत तिथे कळते, छातीत दुखतंय म्हणून नवा ईसीजी काढला की डॉक्टर आधी विचारतो जुना आहे का, कारण यातला बदल आजचा की चार वर्षांपूर्वीचा हे त्याला जुन्याशी ताडूनच कळतं. सगळ्याचे फोटो काढून लेकीच्या फोनमध्ये पण टाका.

नावांचा घोळ घरातसुद्धा होतो हं. आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मिळतं, टायलेनॉल म्हणून. बॅगेतल्या दोन क्रोसिन घेतल्या, ताप उतरेना म्हणून जावयांनी टायलेनॉल दिली, वर सर्दीचं सिरप, त्यातही तेच औषध, असं करत करत दिवसाचा डोस लिव्हरला झेपेल त्याच्या पलीकडे जातो. गुडघेदुखीची निमेसुलाइडची गोळी नेऊ नका, अमेरिकेत तिला कधी परवानगीच मिळाली नाही. आणि दुखण्याची गोळी म्हणून कुणी ट्रामाडॉलवाली दिली असेल तर ती दुबईमार्गे आधी मंजुरी काढल्याशिवाय अजिबात नको, तिथे ती नियंत्रित औषधांत मोडते.

दुबईवरून आठवलं. तुम्ही नक्की डिंकाचे लाडू करून नेणार, मी आई असते तर मीही नेले असते. पण त्यात खसखस घालू नका आणि वेगळी पुडी तर बॅगेत मुळीच ठेवू नका. यूएईमध्ये खसखशीवर बंदी आहे, सिंगापूर आणि सौदीतही आहे, आणि नुसतं विमान बदलायला उतरलात म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. खरं तर एवढं ओझं न्यायची गरजही नाही, एडिसनला ओक ट्री रोडवर आपली दुकानंच दुकानं आहेत, डिंक, अळीव, खारीक, सुंठ, मेथी सगळं मिळतं, तिथे पोचून ताजे करा. नेलंच तर अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट सांगा, सांगून फार तर ते काढून घेतील, न सांगता सापडलं तर दंड. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता नको.

विमानात उठून चाला, पाणी प्या, मिस्टरांना दर तासा-दोन तासाला उठवा. ऑगस्टमध्ये तिकडचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर मांडून घ्या, कारण ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवणाचा ट्रे यायला वेळ लागला तर शुगर खाली येते. पर्समध्ये बिस्किटं आणि साखर ठेवा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पुरेशा न्या, तुमच्या मशीनच्या तिथे मिळतीलच असं नाही.

आता मिस्टरांचं "सांगायचं नाही" हे. त्यांची भीती खोटी नाही, हॉस्पिटलात एक रात्र काढली तरी बिल हजारो डॉलरचं येतं. पण काही गोष्टी त्यांना माहीत असू देत. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाला तपासून जीवाचा धोका टळेपर्यंतचे उपचार द्यावेच लागतात, खिशात पैसे आहेत का, कुठल्या देशाचा आहे हे त्याच्या आड येत नाही. बिल नंतर येतंच, पण ना-नफा हॉस्पिटलांकडे बिल माफ किंवा कमी करण्याचं लेखी धोरण असावंच लागतं आणि पहिलं बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज करता येतो. परदेशी पाहुण्याला ते मिळेलच असं नाही, हॉस्पिटलागणिक नियम वेगळे, पण अर्ज न करता बिल भरून टाकू नका आणि बिल कलमवार मागा, चुका असतात त्यात. आणि प्रत्येक गोष्टीला इमर्जन्सी लागतही नाही. लघवीची जळजळ, ताप, पाय मुरगळला यासाठी अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, ते खूपच स्वस्त पडतात. मात्र छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं यात विचार करायचा नाही, ९११ हा तिथला इमर्जन्सीचा नंबर फिरवायचा. आणि तुम्हाला शुगर आहे ताई, शुगरवाल्या बाईला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो, नुसता घाम, मळमळ, खूप थकवा. तसं झालं तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून राहू नका.

यातच एक गोष्ट मला तुम्हाला बाई म्हणून सांगायची आहे. तिथल्या डॉक्टरकडे तुमच्यासोबत जावई येणार, लेक ओली बाळंतीण असणार. आता जावयांसमोर तुम्ही लघवीची जागा दुखतेय, अंगावरून जातंय, खोकलं की कपडे ओले होतात हे सांगणार आहात का? नाही सांगणार, कुणीच सांगत नाही, ठीक आहे ठीक आहे म्हणून उठून येतात. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटल-दवाखान्यांना भाषा न येणाऱ्या पेशंटला फुकट दुभाषा द्यावा लागतो, फोनवर नाहीतर स्क्रीनवर. तुम्ही इंग्रजीत फक्त एवढं म्हणा की मला मराठी इंटरप्रिटर हवा, हिंदी नाही मराठी, हे स्पष्ट म्हणा कारण ते भारतीय म्हटल्यावर हिंदी धरून चालतात. जावयांना बाहेर बसायला सांगायची लाज वाटत असेल तर नर्सच सांगते, तिला सवय असते. आणि दुखणं एक ते दहामध्ये किती असं विचारतील. आपण सोशिकपणाने तीन सांगतो आणि मग ते आपल्याला तीनचेच उपचार देतात. जे आहे ते सांगा.

आता बाळाकडे येऊ, तुमच्या मनाला लागलंय ते तिथेच. लेकीने सांगितलं ते फक्त अमेरिकन डॉक्टरांचं खूळ आहे असं तुम्हाला वाटतंय ना? तसं नाहीये. कराडातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला जाऊन विचारा, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे इथेही तेच सांगतील, आपल्या सरकारचा आरोग्य विभागही तेच सांगतो. फरक एवढाच की इथे डॉक्टर सांगतात आणि आपण घरी येऊन आपलंच करतो, तिथे लेक एकटी आहे आणि दर काही दिवसांनी डॉक्टर तिला समोर बसवून विचारतो, दुधाशिवाय काय दिलं. तिला खोटं बोलायला लावू नका. घुटीत जे मध घालतो त्याने एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात बाळ लुळं पडतं, श्वास अडकतो. काजळात शिसं सापडतं, त्या कारणाने अमेरिकेत काजळ-सुरमा अडवतात. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे पण कुठल्याही मात्रा, भस्म बाळाला किंवा बाळंतिणीला देऊ नका, २००४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, त्यात लहान मुलांसाठीचीही होती. आणि समजा तुम्ही आधीच काही चाटवलं असेल आणि बाळ आजारी पडलं, तर ओरडा बसेल म्हणून गप्प बसू नका, त्या क्षणी डॉक्टरला सगळं सांगा, त्याचं निदान त्यावर अडलेलं असतं.

शेगडी तर नकोच नको. आपल्या जुन्या घरात कौलं होती, फटी होत्या, खाली निखारे आणि वर बाज असली तरी वायू बाहेर जायचा. तिकडची घरं लाकडाची आणि सगळ्या बाजूंनी बंद, कोळशाच्या निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपेत माणसं जातात. धुराने अलार्म वाजेल हा त्रास वेगळा, बाळाच्या फुफ्फुसाला धूर इथेही वाईटच. लेकीची कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी आहे की.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारलीच नाहीत आणि आज्यांच्या बॅगेत ती हमखास असते. तुमच्या लेकीची जुनी दुपटी, टोपरी, कुंची जपून ठेवलेली असतील ना, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून? ते कपडे तसेच बाळाला घालू नका. काही बाळांमध्ये जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आपल्याकडेही अशी बाळं असतात, आणि त्यांना त्या नॅप्थलीनच्या नुसत्या वासाने रक्तपेशी फुटून कडक कावीळ होऊ शकते. महिनाभर आधी काढा, पुन्हा पुन्हा धुवा, उन्हात घाला, आणि तरी वास राहिला तर आठवण म्हणून ठेवा, बाळाला घालू नका. सावळ्या कातडीवर कावीळ लवकर दिसत नाही, म्हणून बाळ पिवळं वाटलं, दूध ओढत नसलं, सुस्त असलं तर तुम्हीच लेकीला म्हणा, डॉक्टरला फोन लाव.

तसंच बाळाच्या पाठीवर, कुल्ल्यांवर निळसर काळे डाग दिसले तर घाबरू नका, आपल्या बाळांना ते जन्मतःच असतात. पण तिथे ते माराचे वळ समजले जाऊ शकतात, तेव्हा पहिल्याच तपासणीत डॉक्टरला दाखवून फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगा.

झोपताना बाळ पाठीवर, वेगळ्या सपाट पाळण्यात, आपल्याच खोलीत, पण मोहरीची उशी नाही, गोधडी नाही, लोड नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात बाळांना पाठीवर झोपवायला सांगायला सुरुवात केली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, तेव्हा याबाबत लेकीशी वाद घालू नका. आणि गाडीत बाळ कितीही रडलं तरी मांडीवर घ्यायचं नाही, कारसीट कायद्याने लागते. मालिश करा, हलक्या हाताने, खोबरेल तेलाने, फक्त नाकाकानात तेल नको.

मग करायचं काय, हा तुमचा प्रश्न. ताई, तिथे नॉर्मल बाळंतपणानंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास, एवढ्याच मुक्कामाचा खर्च देणं इन्शुरन्सवाल्यांना कायद्याने भाग आहे, आणि त्यानंतर बहुतेक बायका दोन-तीन दिवसांचं बाळ घेऊन रिकाम्या घरात येतात. सव्वा महिना बाळंतिणीला उठू न देणारं, गरम जेवायला घालणारं, रात्री दोनला बाळ घेऊन येरझाऱ्या घालणारं माणूस तिकडे कुणाकडे नसतं, ती गोष्ट पैसे देऊनही मिळत नाही, आणि तुमची लेक ती तुमच्याकडून मागतेय. डिंकाचे, अळिवाचे लाडू, मऊ भात-तूप, सुंठीचं दूध, अंगाला तेल, डोक्याला तेल, यातलं काहीही तिचा डॉक्टर अडवणार नाही. तिला सलग चार तास झोपू द्या, ते सगळ्या घुट्यांपेक्षा मोठं औषध आहे.

तुमचं बीपीचं मशीन बॅगेत आहेच, त्यावर रोज लेकीचंही बीपी बघा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बाईचं बीपी अचानक चढू शकतं. १४०/९० झालं तर डॉक्टरला फोन, १६०/११० झालं किंवा डोकं फुटतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय म्हणाली तर लगेच हॉस्पिटल, तासभरही थांबायचं नाही. खूप रक्त जाणं, ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं यालाही तसंच.

आणि मनाचं. तपासणीला तिला एक प्रश्नपत्रिका भरायला देतील, रडू येतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का वगैरे. कधी तुम्हा सगळ्यांना बाहेर पाठवून तिला एकटीला विचारतील की घरात सुरक्षित वाटतं का. हा तुमच्या घराचा अपमान नाही, ते प्रत्येकीला विचारतात. तिला "असलं बाहेर सांगू नको" असं चुकूनही म्हणू नका. दोन आठवड्यांच्या पुढे रडणं चालूच राहिलं, बाळाकडे बघवत नाही म्हणाली, झोप मिळूनही झोप येईना, तर तो आजार आहे, त्याला उपचार आहे, आणि २०२२ पासून तिथे अशा आयांसाठी २४ तास फुकट हेल्पलाइन आहे, १-८३३-८५२-६२६२. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता या आठवड्यात तुम्ही दोघांनी डॉक्टरांकडे जाऊन ते पत्र तर घ्याच, पण टीडॅपची लस पण विचारा, डांग्या खोकल्याची. नवजात बाळाला डांग्या खोकला मोठ्या माणसांकडून लागतो आणि जीव घेतो, म्हणून बाळाला भेटायच्या किमान दोन आठवडे आधी ती घेतलेली असावी. फ्लूची पण. लेक जावळाला वगैरे बाळाला घेऊन इकडे येणार असेल तर तिला आधीच सांगा की तिथे गोवराची लस १२ महिन्यांना देतात, आपल्याकडे ९ महिन्यांना, पण परदेशी जाणाऱ्या बाळाला ते ६ महिन्यांपासूनच एक जादा डोस देतात, तो तिने मागून घ्यावा. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, तिथे देतच नाहीत, ते इथे येऊन द्यायचं का हे तिने तिथल्या डॉक्टरशी बोलून ठरवावं. आणि बाळाचं लसीचं कार्ड इकडे येताना हातातल्या बॅगेत असू द्या.